राजमाचीच्या वाटेवरचा बिननावाचा धबधबा : प्रकल्प नोंदी, पावसाळा २०२५

११ मे, रविवार

कर्जतहून टमटमने कोंदिवडे, तिथून पायी कोंढाणे लेणी. लेणी मागे टाकून उधेवाडीचा चढ लागला की वाट मध्येच एका ओहोळाला आडवी जाते, ती आपली जागा. नेमका ठिकाणा या वहीत लिहायचा नाही, असं सगळ्यांचं ठरलं आहे. लेण्यांसमोर पावसाळ्यात कड्यावरून जी धार पडते ती सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे रविवारी उभं राहायला जागा नसते. आपला धबधबा तिचा दूरचा, गरीब नातेवाईक. नकाशावर नाही, नाव नाही, आज तर पाणीही नाही.

कामाचं कारण साधं. ओहोळ ओलांडायची जागा दर पावसाळ्यात खचते. लोक बाजूने नवी वाट पाडतात, ती खचली की आणखी एक. आता तिथे चार वाटांचा चिखल आहे. दगड रचून ती पक्की करावी की वाटच हलवावी, यावर गेल्या वर्षी बरीच हुज्जत झाली आणि कोणाकडेच आकडा नव्हता. पाणी कधी येतं, किती येतं, किती वेळात चढतं आणि कधी उतरतं, हे या मोसमात मोजायचं.

वरून दोर सोडून उंची घेतली. काठापासून डोहाच्या तळापर्यंत नऊ मीटरला थोडी कमी. काठ काळ्या, घट्ट बेसाल्टचा. त्याच्या खाली वीतभर अंतरावर विटकरी रंगाचा मऊ पट्टा आडवा गेला आहे, नखाने खरवडला तर भुकटी निघते. त्याखालचा खडक पुन्हा करडा, पण पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर झिओलाइट भरलं, ते हे ठिपके. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक थर वाहून थंड झाला, त्याचा माथा हवेपाण्याने कुजून तांबडा झाला, त्यावर पुढचा थर आला. मधला मऊ पट्टा आधी झिजतो आणि वरचा काळा ओठ पुढे राहतो. सह्याद्रीतले पुष्कळ धबधबे अशाच ओठांवरून पडतात.

मग वर माळावर चढून पाणलोटाच्या कडेने फोनचं जीपीएस चालू ठेवून फिरलो. क्षेत्र साधारण सहा हेक्टर भरतं. अर्ध्यावर गवत, खालच्या अंगाला कारवी आणि झाडोरा, मधोमध जुनी नाचणी-वरीची शेतं. त्यांच्या दगडी ताली, म्हणजे माती-पाणी अडवणारे बांध, जागोजागी फुटल्या आहेत.

१८ मे, रविवार

पाणी मोजायची पाटी बसवली. कर्जतला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमचा जाड पत्रा कापून घेतला, वरून खाली नव्वद अंशांची खाच. डोहाच्या खाली पंधरा-वीस पावलांवर खडक दोन्ही बाजूंनी जवळ येतो, तिथे पाटी आडवी उभी केली. वनखात्याची परवानगी पाटी आणि फलकापुरती आहे, सिमेंट वापरायचं नाही ही अट. त्यामुळे वाळूची पोती आणि लेप द्यायला चिकणमाती. हे मामांचं काम. खालच्या वाडीतले मामा ही माती कुठली घ्यायची हे हाताने चोळून सांगतात. पहिल्या दोन जागची त्यांनी फेकून दिली.

खाचेतून जाणाऱ्या पाण्याची उंची एकदा कळली की प्रवाह काढता येतो : उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा अडीचावा घात करायचा, त्याला १.३८ ने गुणायचं, उत्तर सेकंदाला घनमीटर. म्हणजे पाणी ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर साडेचार लिटरच्या जवळ, २० असेल तर पंचवीसच्या आसपास. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीला जातं. हा तक्ता लॅमिनेट करून पोत्यामागच्या झाडाला बांधला.

पर्जन्यमापक मामांच्या अंगणात, घर आणि झाडांपासून लांब. रोज सकाळी साडेआठला मोजायचा, हवामान खात्याची तीच वेळ. जबाबदारी मामांच्या नातीची. यंदा ती नववीत जाईल. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा की रात्री बारानंतर पडलेला पाऊस कोणत्या तारखेला धरायचा. आमच्यापैकी कोणाला हा सुचला नव्हता. उत्तर : ज्या सकाळी मोजला त्या तारखेला.

२७ मे, मंगळवार

सुट्टी टाकून आलो, कारण पाऊस थांबायला तयार नाही. केरळात २४ मेला आला आणि काल, २६ मेला, मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर झालं. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंदच नाही. माळावरचं गवत अजून पिवळं आहे आणि त्यावर आषाढासारखा पाऊस कोसळतोय, हे दृश्य विचित्र दिसतं.

धबधबा चालू आहे. पण लगेच झाला नाही. मामा सांगतात, पहिला दिवस सगळा पाऊस जमिनीने पिऊन टाकला. खडकावरून ओघळ आले, डोहात घोटाभर पाणी साचलं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आवाज सुरू झाला. उन्हाने भेगाळलेली माती, मुळांची भोकं, मुंग्यांची बिळं, सगळं भरेपर्यंत ओहोळाला काही मिळत नाही.

रात्री वाडीतली पोरं बॅटऱ्या घेऊन खेकड्यांना गेली. यंदा खेकडेसुद्धा गडबडले असणार.

८ जून, रविवार

मृग लागला आणि धबधबा बंद. मेअखेरीपासून पाऊस अडून बसला आहे, पुढे सरकत नाही. पाटीच्या खाचेत पाणी नाही, मागे साचलेल्या डबक्यात डासांच्या अळ्या. डोहाच्या कडेला ओलावा आहे पण काठावरून थेंबही पडत नाही. मामांना याचं काही वाटलं नाही. "मिरगाच्या आधी आला तो पाहुणा. त्याच्यावर पेरणी करीत न्हाईत."

आमच्या दृष्टीने मात्र ही विश्रांती फायद्याची. एकाच मोसमात जमीन भरण्याची सुरुवात दोनदा पाहायला मिळणार. मेमधल्या पावसाचं पाणी इतक्या लवकर कुठे गेलं, याचं माझं उत्तर असं : ते खोल गेलंच नाही. वरचा वीत-दीड वीत मातीचा थर भिजला, उन्हाने तो परत सुकवला. खडकाच्या भेगांपर्यंत पाणी पोचायला सलग भिजवण लागते.

वाटेची पाहणी केली. चारही वाटा जिथे ओहोळात उतरतात तिथे बुटांनी चर पाडले आहेत आणि उतारावरचं पाणी आता त्या चरांतूनच येतं. म्हणजे ओहोळ वाट खातो ही तक्रार अर्धीच खरी. वाटच आपल्या अंगावर पाणी ओढून घेते. वरच्या वळणावर तीन ठिकाणी वाटेला तिरपे दगड बसवून पाणी बाजूच्या झाडोऱ्यात सोडलं पाहिजे. आजच दोन बसवले. दगड अर्धा जमिनीत गेला पाहिजे, नाहीतर पहिल्या रविवारी कोणीतरी पायाने उलटवतो.

२२ जून, रविवार

पाऊस परत आला. आर्द्रा लागल्या आणि ओहोळ पूर्ण जोरात. या खेपेला सुरू व्हायला एक रात्र पुरली.

आज येताना कोंदिवड्याच्या आधी पोलीस थांबवून विचारपूस करत होते. मागच्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले, त्यानंतर सगळीकडेच कडक झालं आहे. त्या अपघाताचा धबधब्याशी संबंध नाही, पण गेल्या वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्याचा थेट आहे. तिथेही पाणी सुरुवातीला पायाखालीच होतं. लोक म्हणतात पाणी अचानक आलं. वर पाऊस पडलेला असतो, त्यामुळे पाण्याच्या बाजूने त्यात अचानक काही नसतं. खाली उभ्या असलेल्याला ते दिसत नाही, एवढंच.

आपल्या ओहोळाला किती वेळ लागतो? पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकापासून काठापर्यंत साडेचारशे मीटर, उतार पाचास एक. किरपिचचं सूत्र लावलं तर चार मिनिटं. हे सूत्र १९४० सालचं, अमेरिकेत टेनेसीकडच्या छोट्या शेती पाणलोटांवरून बसवलेलं, त्यामुळे सह्याद्रीत ते जसंच्या तसं चालेल अशी माझी श्रद्धा नाही. माळावरचं गवत आणि उरल्यासुरल्या ताली पाण्याला थोडं रेंगाळायला लावतात. तरी दुप्पट धरले तरी आठच मिनिटं. बूट काढून, मोबाईल प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोहात उतरायला माणसाला एवढाच वेळ लागतो.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपास असूनही वाटेवर झुंबड. काही मंडळी वडापाव घेऊन वर चढली होती, विठ्ठल समजून घेईल.

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो, कारण फलकावर काय लिहायचं ते यावरून ठरणार आहे. दुपारी सव्वाच्या सुमारास आम्ही पाटीजवळ होतो. खाचेत पाणी ११ सेंटिमीटर, स्वच्छ, तळाचे खडे दिसत होते. आमच्या डोक्यावर भुरभुर होती. माळ ढगात. मग आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पाल्याचा. त्यानंतर खाचेतून वाळकी पानं यायला लागली, एकेक करत नाही, गुच्छांनी. कारवीच्या काड्या, एक पांढरं पीस, भाताच्या तुसासारखा कचरा. पाणी अजून तेवढंच होतं. मामा उठून उभे राहिले होते. पानांमागून रंग आला, चहात दूध घालावं तसा एका बाजूने पसरत गेलेला तांबडा रंग, आणि तो पूर्ण पसरायच्या आत पाणी खाचेच्या वर गेलं. धबधब्याचा आवाज उंच होता तो घोगरा झाला. धारेबरोबर खडे पडत होते, त्यांचा टकटक आवाज वेगळा कळत होता.

डोहात त्या वेळी सात-आठ मुलं होती. मामांनी शिट्टी मारली, आम्ही ओरडलो, मुलं हसत हसत बाहेर आली. त्यातल्या एकाने विचारलं, काका, तुम्ही वनखात्याचे का? नाही म्हटल्यावर तो परत उतरणार होता, पण तोपर्यंत ज्या दगडावर त्यांच्या चपला होत्या तो दिसेनासा झाला होता. चपला कर्जतकडे रवाना.

मामांना विचारलं, तुम्ही कशावरून उठलात? "पानं आली ना. पानी तांबडं झाल्यावर उठलो असतो तर उशीर."

पाणी परत ११ च्या जवळ यायला, पाऊस उघडल्यापासून पावणेदोन तास लागले.

२७ जुलै, रविवार

पाटी पाण्याखाली. अशा दिवसांत खाचेचा उपयोग नाही, हे आधीपासून माहीत होतं. सहा हेक्टरवर तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला आणि त्यातला साठ टक्के वाहून आला, तर सेकंदाला ६०० लिटर येतील. खाच पंचवीस-तीस लिटरच्या पलीकडे काही सांगत नाही. मोठ्या पाण्यासाठी आम्ही दोन्ही काठांच्या खडकांवर गाळाची रेघ कुठवर आली ते बघतो आणि टेपने मोजतो. ओलांडायच्या सध्याच्या जागी रेघ माझ्या कंबरेच्या वर आहे. तिथून वीस पावलं खाली, जिथे ओहोळ सपाट कातळावर पसरतो, तिथे नडगीच्याही खाली. वाट हलवायची, ही हुज्जत माझ्यापुरती संपली.

वारा इतका होता की धार अर्ध्यातच मोडून वर उडत होती. नाणेघाटात यासाठी लोक गाड्या करून जातात. आमच्याकडे ते फुकट आणि विनागर्दी.

शीळकरी कस्तुर दिवसभर गात होता. एवढ्या आवाजात त्याची शीळ कशी ऐकू येते, तर ती पाण्याच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत असते. पोरांनी त्याच्या सुरात सूर मिसळून पाहिला, तो गप्प झाला नाही, त्यांनीच नाद सोडला.

२० ऑगस्ट, बुधवार

वर गेलेलो नाही. शनिवारपासून मुंबई-रायगडला झोडपून काढलं, काल मुंबई ठप्प होती. ही नोंद फोनवरून. नातीने आकडे कळवले, त्यातले लागोपाठ दोन दिवस हवामान खात्याच्या भाषेत 'अति जोरदार' मध्ये बसतात, म्हणजे २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर. दुसऱ्या सकाळी मापक ओतून परत लावेपर्यंत किती पडला असेल, असंही तिने विचारलं आहे. मी सांगितलं, अर्धा मिलिमीटरही नाही. तिचं समाधान झालेलं नाही.

मामांनी एक वाईट बातमी दिली. माळावर वरून तिसऱ्या शेताची ताल मधोमध फुटली आणि तिच्यामागची माती ओहोळात आली.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या दिवसांत वाटेवर कोणी नाही. फुटलेली ताल पाहिली. भगदाड दोन हात रुंद. आतला छेद उघडा पडला आहे, वर काळी माती हातभर, खाली मुरूम, त्याखाली खडक. ही हातभर माती एका माणसाच्या हयातीत काही बनत नाही. ती पाटीमागे गाळ होऊन पडली आहे, फावड्याने उपसून बाजूला केली.

ही शेतं मामांच्या भावकीची, दळी जमीन. रायगडातल्या ठाकर-कातकऱ्यांना इंग्रजांच्या काळापासून वनजमिनीवर नाचणी-वरी करायला दिलेल्या या तुकड्यांची कागदपत्रं हा एक स्वतंत्र विषय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली भावकीने दावा केला आहे. तरुण मंडळी कर्जत-खोपोलीला कामाला जातात, वर नांगर धरायला कोणी राहिलं नाही आणि ताली फुटल्या तर रचायला कोणी जात नाही. मामा म्हणतात, शेतं पिकत होती तेव्हा हा धबधबा दिवाळीनंतर पंधरा दिवस चालायचा. आठवणीत पाऊस नेहमी जास्त असतो, हे मी धरून चालतो. पण या आठवणीला कारण जोडता येतं. तालीमागे पाणी थांबलं तर मुरायला वेळ मिळतो. ताल फुटली की तेच पाणी आठ मिनिटांत डोहात.

दुपारचा वेळ खडकाशी घालवला. धबधब्याच्या बाजूचा कातळ, जिथे धार लागत नाही पण शिंतोड्यांनी कायम ओला असतो, तिथे नाक लावून बसलं तर काळ्या पृष्ठभागावर काळ्याच रेघा हलताना दिसतात. बेडकाची पिल्लं. पाण्यात नाहीत, उभ्या खडकावर. पोट चपटं करून चिकटलेली, शेपूट लांब आणि बारीक, मागचे पाय इतर बेडूकपिल्लांपेक्षा कितीतरी आधी फुटलेले. बोटाची सावली पडली की टुणकन उडी मारून दोन बोटं बाजूला. ती खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. इंडिराना या गटातल्या बेडकांची ही तऱ्हा, आणि हा गट पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. त्यातली 'इंडिराना चिरवासी' ही जात २०१४ मध्ये आंबोलीहून प्रथम नोंदली गेली. आमची कोणती ते फोटोवरून ठरवायचा आगाऊपणा करणार नाही.

त्यांच्या शेजारी, बरोबर हाताच्या उंचीवर, शेवाळात कोणीतरी दगडाने बदाम आणि दोन आद्याक्षरं कोरली आहेत. कोरलेल्या जागेवर एकही पिल्लू नव्हतं. प्लास्टिकबद्दल आपण खूप बोलतो, ते गोळा तरी करता येतं. आज दोन पोती भरून खाली आणलं.

५ ऑक्टोबर, रविवार

हस्त लागला त्याच दिवशी, सत्तावीस सप्टेंबरला, धुवांधार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशीही हटला नाही. त्यामुळे गेला रविवार वगळला. आज माळावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी. पाणी स्वच्छ, खाचेत १२ च्या जवळपास. फोटोला लायक असा धबधबा वर्षातून याच पंधरवड्यात असतो, आणि नेमकं याच वेळी कोणी येत नाही. लोकांना पाऊस हवा असतो, धबधबा त्याच्याबरोबर फुकट मिळतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

परवा मुंबईतून मोसमी पाऊस परतला. खाचेत ८ सेंटिमीटर. पडताळा म्हणून खाचेखाली दहा लिटरची बादली धरली, चार सेकंदांत भरली. सूत्राप्रमाणेही अडीच लिटरच येतात. पाटी लावल्यापासूनचा हा सगळ्यात सुखाचा क्षण.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजची नोंद मोठी.

बादली भरायला दहा सेकंद. खाचेत साडेपाच सेंटिमीटर. सेकंदाला एक लिटर. आठवड्यात अडीचाचं एक झालं. हा उतार असाच राहिला तर पाणी दर पाच-सव्वापाच दिवसांनी निम्मं होतं. जुलैत पाणी दोन तासांत उतरत होतं, आता त्याच ओहोळाला निम्मं व्हायला पाच दिवस. म्हणजे ही दोन वेगळी पाणी आहेत. जुलैतलं माळावरून घसरत आलेलं, आताचं डोंगरातून झिरपत आलेलं.

ते कुठून येतं, हेही आज दिसलं. वर चढून काठाशी गेलो तर काठ कोरडा. ओहोळाच्या वरच्या पात्रात दगड वाळलेले, मधल्या खळग्यांत तेवढं पाणी. आणि धबधबा तर खाली पडतोय. पोटावर झोपून ओठाखाली डोकावलं. पाणी काठावरून येतच नव्हतं. काठाखाली वीतभर, तो विटकरी पट्टा आहे त्याच्या बरोबर माथ्यावरून, सात-आठ ठिकाणी पाझरत होतं. एका भेगेतून अंगठ्याएवढी धार, बाकी ठिकाणी नुसते थेंब, एकमेकांत मिसळत खाली जाणारे. काळ्या खडकाच्या भेगांतून उतरलेलं पाणी तांबड्या चिकण पट्ट्यावर येऊन अडतं. खाली जाता येत नाही म्हणून आडवं चालतं आणि उघड्या कड्यात बाहेर पडतं. मे महिन्यात मी ज्याला मऊ पट्टा म्हणून नखाने खरवडलं, तो या धबधब्याचा उत्तरार्ध चालवतो.

थोडा हिशोब. सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. सहा हेक्टरवर पसरलं तर दीड मिलिमीटरसुद्धा नाही. याच गतीने उतरत गेलं तर आज डोंगरात बाहेर पडण्याजोगं शिल्लक पाणी साधारण साडेसहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पासष्ट टँकर. जुलैच्या एका चांगल्या तासात याच्या तिपटीहून जास्त वाहून जातं. मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या वाडीला तो तास उपयोगाचा नाही, हे पासष्ट टँकर आहेत.

मामांना हा आकडा सांगितला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मंग ताली भरायला पायजेत." दिवाळी तोंडावर आहे आणि धबधबा चालू आहे, हेही त्यांनी लक्षात आणून दिलं. पंधरा दिवसांनी बघू.

२ नोव्हेंबर, रविवार

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा पाऊस. कापून ठेवलेलं भात भिजलं, खालच्या खाचरांत आडवं पडलेल्या भाताला कोंब आले आहेत. वाडीत आज धबधब्याबद्दल कोणी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतं आणि आम्हीही विषय काढला नाही. दुपारी भात उचलून खळ्यावर आणायला हात लावला.

परत जाताना खाच पाहिली, साडेसहा. मामांच्या पंधरा दिवसांच्या दाव्याची परीक्षा यंदा घेता येणार नाही. हा पाऊस मधे आला.

२३ नोव्हेंबर, रविवार

खाचेत पाणी आहे पण मोजण्याइतकी उंची नाही. लिटरचा मग धरला, भरायला मिनिटाच्या वर. पट्ट्यावरच्या पाझरांपैकी दोनच जिवंत. बेडकाची पिल्लं दिसली नाहीत. शेवाळ सुकून काळ्या पापुद्र्यांनी सुटतंय.

वाटेचं काम उरकलं. ओलांडायची जागा खालच्या सपाट कातळावर नेली. दोन्ही बाजूंना दगडी पायऱ्या, वरच्या वळणापासून नवी वाट झाडोऱ्यातून आणली, जुन्या चारही वाटांवर काटेरी फांद्या आणि आडवे दगड. पायऱ्या रचायला वाडीतले चौघे होते, त्यांना रोजाप्रमाणे मजुरी दिली. श्रमदान या शब्दाखाली गावच्या माणसाला फुकट राबवायचं आणि शहरातल्याने फोटो काढायचा, हे आम्हाला नको होतं.

फलकाचा मजकूर बऱ्याच खटपटीनंतर असा ठरला :

"पाण्यात पालापाचोळा वाढला तर लगेच बाहेर या. पाणी तांबडं होण्याची वाट पाहू नका. पाणी चढलं असेल तर पाऊस उघडल्यावर दोन तास ओहोळ ओलांडू नका. ओल्या खडकावरचं शेवाळ खरवडू नका, त्यावर बेडकाची पिल्लं राहतात."

एकाने सुचवलं की शेवटची ओळ काढा, लोक हसतील. ठेवली आहे. हसण्यासाठी का होईना, जवळ जाऊन बघतील.

१४ डिसेंबर, रविवार

कोरडा. पाटी काढली, पोती रिकामी करून वाळू जागेवर पसरली. पाटी मामांच्या माळ्यावर, नाचणीच्या कणगीमागे. पर्जन्यमापक मात्र अंगणातच राहणार. अवकाळी आला तर, असं नातीचं म्हणणं, आणि तिच्या वहीत आता महिन्याच्या बेरजाही आहेत.

ताली : भावकीची बैठक झाली. दुरुस्तीला हरकत नाही, पण वनहक्काचा दावा प्रलंबित असताना तिथे बाहेरच्या संस्थेच्या नावाने काही झालेलं नको. बरोबर आहे. काम भावकीच्या नावानेच होईल, आम्ही मजुरीचा अर्धा वाटा उचलू. सुरुवात सगळ्यात वरच्या तालीपासून करायची. खालची आधी बांधली तर वरच्या फुटक्या तालींचं पाणी तिला पहिल्याच पावसात घेऊन जाईल. तिसऱ्या शेतातलं भगदाड होळीच्या आधी, कारण होळीनंतर माणसं मिळत नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरात बादली परत धरायची. पाणी निम्मं व्हायला पाचाचे सहा दिवस लागले तर तालींनी काही केलं असं म्हणता येईल. एका मोसमावरून मी म्हणणार नाही, मामा म्हणतील.

खर्चाचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर. फॅब्रिकेशनवाल्याचे तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.